धाकट्याचं रक्त

गोटीराम : मग तुमच्या मशीनला म्हनावं, चष्मा लाव! माझ्या पाऱ्याला लाळ्या-खुरकूत? घोटीच्या बाजारात कुनालाबी इचारा, गोटीरामच्या गोठ्यात कधी खुरकूत शिरली का. हसतील तुमाला.

भाग्यश्री : हसू देत, आबा. वळू केंद्रात नोकरीला लागल्यापासून मला सवय झालीय. रिपोर्ट प्रयोगशाळेचा आहे. आणि एकदा तपासून त्यांचाही विश्वास बसला नाही, म्हणून दोनदा तपासलंय.

गोटीराम : दोनदा काय, धा वेळा तपासा. बोटाएवढी नळी, तिच्यात चमचाभर रक्त, आनि तेवढ्यावर तुमी ठरवनार माझा वळू नासका! अवो, मी प्रदर्शनात पंच म्हनून बसलेला मानूस हाय. जनावर मांडवात पाय टाकतं ना, तवाच मी सांगतो ते खातंय काय आनि मालक त्याला घालतोय काय. तुमी किती गाई पाळल्या डॉक्टरीणबाई?

भाग्यश्री : एकही नाही. नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये एक बोका आहे.

गोटीराम : बोका! ऐकलं का गं? बोका पाळनारी बाई डांगी वळूला नापास करती.

नवसाबाई : ऐकते ना. कान हायेत मला. बाई, चहात साखर किती टाकू?

भाग्यश्री : थोडीच टाका मावशी. आबा, शाळेतल्या पोरासारखं नापास-पास नाही हो हे. पाऱ्या आमच्या केंद्रात आला असता, तर त्याचं वीर्य गोठवून गावोगाव गेलं असतं. तुमच्या डांगीची पैदास पार कुठल्या कुठे पोचली असती. मलाच त्याचं कौतुक होतं, मीच त्याची शिफारस केली होती. पण केंद्रात बाकीचे वळू आहेत. तिथे एक आजारी शिरला की सगळे गेले.

गोटीराम : आजारी! परत तेच. बरं, मला एक सांगा. लस कोनी टोचली? तुमच्याच सरकारी लोकांनी. आनि टोचताना काय म्हनले? म्हनले, हिच्यानं रक्तात खुरकुतीशी झुंजनारं काहीतरी तयार होतं. मंग तेच दिसलं आसंल तुमाला! आपनच टोचायचं, आनि आपनच चोर चोर म्हनून बोंबलायचं.

भाग्यश्री : हा प्रश्न मात्र बरा विचारलात.

गोटीराम : म्हंजी अक्कल हाय म्हना की मला.

भाग्यश्री : प्रश्नापुरती आहे. आता नीट ऐका. लशीत मेलेला विषाणू असतो. तो अंगात वाढत नाही. तरी शरीर त्याच्याशी लढायची तयारी करतं. त्या तयारीला अँटिबॉडी म्हणतात. पण खरा आजार येतो तेव्हा जिवंत विषाणू अंगात घुसतो, वाढतो, आणि वाढताना असं काही बनवतो जे लशीत नसतंच. त्याच्याविरुद्ध ज्या अँटिबॉडी तयार होतात त्या निराळ्या. आम्ही नेमक्या त्याच शोधतो. त्या सापडल्या म्हणजे आजार येऊन गेला. लस टोचून त्या येत नाहीत.

गोटीराम : कागदावर लय छान हाय. मंग तोंडात फोड कुठं हाय? खुराच्या बेचक्यात जखम कुठं हाय? मी काय आंधळा हाय का?

भाग्यश्री : फोड भरून येतात. रक्तातली खूण कितीतरी महिने राहते. आणि तुमच्या डांगी जनावराची तर गोष्टच वेगळी. जर्सीला हा आजार लोळवतो. डांगी काटक, त्यात लस टोचलेलं. थोडी लाळ गळते, एक-दोन दिवस वैरण सोडतं, की झालं बरं. मालकाला वाटतं, काही नव्हतंच.

नवसाबाई : एक-दोन दिस वैरण सोडतं?

गोटीराम : तू चहाचं बघ. उतू जाईल.

नवसाबाई : चहा चुलीवरून कवाच उतरवला. बाई, लाळ कशी गळती? तार लागल्यावानी?

गोटीराम : अगं, तुला कोनी इचारलंय का?

भाग्यश्री : मला विचारतायत त्या. हो मावशी, तार लागल्यासारखी. का?

गोटीराम : काय नाय. बायकांना कसलंबी कवतिक. तुमी चहा घ्या आनि निघा, घाटात गर्दी लागंल.

भाग्यश्री : निघणारच आहे. त्याआधी पाऱ्याचं पुन्हा रक्त घेते. मी स्वतः घेते, म्हणजे तुमच्या मनात शंका नको. बाहेर काढा त्याला.

गोटीराम : आत्ता? आत्ता तो रवंथ करतोय.

भाग्यश्री : रवंथ करतानाही रक्त निघतं, आबा.

गोटीराम : मारका हाय. बाईमानूस बघितलं की बिथरतो.

नवसाबाई : रोज त्याच्या शिंगांना तेल मी चोळते. मी काय बाप्या हाय?

गोटीराम : घरच्या बाईचं वेगळं, बाहेरच्या बाईचं वेगळं.

भाग्यश्री : मग आपण गोठ्यातच जाऊ. त्याला उठवायलाही नको. हा का पाऱ्या? पहिल्या खुंट्याचा?

गोटीराम : हाच. दुसरा कोन असनार?

भाग्यश्री : हाच?

गोटीराम : हाच म्हनलं ना.

भाग्यश्री : प्रदर्शनात मी पाऱ्याबरोबर फोटो काढला होता. हा बघा. तुमचा फेटा, माझा चष्मा, आणि मधे पाऱ्या. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. या साहेबांचं कपाळ तर तव्याच्या बुडासारखं काळं आहे.

गोटीराम : फोटोत उजेड पडतो कपाळावर.

भाग्यश्री : उजेड! बरं, मग कानातला पिवळा बिल्ला इथे दाव्याला सुतळीने का बांधलाय?

गोटीराम : तुटला कानातून. झुडपात अडकला. हरवू नये म्हनून बांधला.

भाग्यश्री : कानातून तुटला, तर कान फाटतो. निदान भोक तरी राहतं. याच्या दोन्ही कानांना भोकच नाही. आबा, मी बोका पाळते. पण एवढं मलाही दिसतं.

नवसाबाई : सांगा की आता. का मी सांगू?

गोटीराम : काय सांगायचंय? त्याचा धाकटा भाऊ हाय हा. एका आईचे, एका गोठ्यातले, एकाच दावनीला खानारे. रक्त घेतलं तर काय फरक पडतो? तो काय, हा काय!

भाग्यश्री : काय फरक पडतो?! आमचा माणूस रक्त न्यायला आला, तेव्हा तुम्ही त्याला हा दाखवलात?

गोटीराम : तुमचा मानूस! त्याचं नाव नका काढू. त्या दारापाशी उभा राहिला, बुटाला शेन लागंल म्हनून. बिल्ल्यावर मोबाइल धरला, टिंग वाजलं, खूष झाला. मी म्हशीला उभं केलं आसतं तरी तिचं रक्त घेऊन गेला आसता.

भाग्यश्री : त्याचं मी बघते. त्याची चांगली हजेरी घेणार आहे मी. पण तुम्ही काय कमी केलंत? आणि मघाशी मला लशीवरून केवढं सुनावलंत! ज्याचं रक्त गेलं त्याच्या कानात लस टोचताना मारतात तो बिल्ला नाही, म्हणजे त्याला लसच टोचलेली नाही. टोचायला आले तेव्हा हा कुठे होता?

नवसाबाई : रानात. ह्यांनी पहाटंच हाकलून दिला होता. म्हनले, टोचलं की वळू मरगळतो. एकाला टोचू दे त्यांच्या समाधानाला, एक लपव.

भाग्यश्री : वा! पंच म्हणून बसता तुम्ही!

गोटीराम : पंच हाय म्हनूनच सांगतो, धाकट्या ह्या गोठ्याचा उंबरा वलांडून कधी गावात गेला नाय. बाजारात नाय, प्रदर्शनात नाय. मंग त्याला खुरकूत आली कुठून? चालत आली का?

भाग्यश्री : प्रदर्शनातून कोण आलं होतं? जिल्हाभरातली जनावरं तिथे एकाच टाकीत तोंड घालत होती. तिथून पाऱ्या आला आणि याच दावणीला बांधला. मावशी, मघाशी तुम्ही लाळेचं विचारलंत.

गोटीराम : ते काय नव्हतं.

नवसाबाई : काय नव्हतं! बाई, मीच सांगते. पाऱ्याचा पहिला नंबर आला. ह्यांच्या डोक्याला फेटा, त्याच्या गळ्यात हार, ट्रॅक्टरवर गुलाल. आठ दिस झाले नसतील, पाऱ्यानं आंबोन सोडली. तोंडातून तार. मी म्हनले, डॉक्टरला बोलवा. हे म्हनले, येडी हाय का, आख्ख्या मुलखानं त्याच्याकडं बघितलंय, नजर लागली. मीठ-मिरच्या उतरव.

भाग्यश्री : आणि तुम्ही उतरवल्यात?

नवसाबाई : उतरवल्या. ह्यांनी स्वतः चुलीत टाकल्या. वर तोंड करून वास घेत बसले. म्हनले, ठसका आला नाय, म्हंजी नजरच होती. तिसऱ्या दिशी पाऱ्या खायला लागला. मंग तर काय, गावभर सांगत सुटले.

भाग्यश्री : म्हणजे मिरच्यांचा ठसका आला नाही हा रिपोर्ट तुम्ही लगेच मान्य केलात. माझा तेवढा खोटा.

गोटीराम : मिरच्या माझ्या शेतातल्या हायेत. तुमची प्रयोगशाळा कोनी बघितलीय?

भाग्यश्री : धन्य आहे तुमची! बरं, पाऱ्या कुठे आहे? केंद्रात पाठवेपर्यंत त्याला वेगळा बांधायचा, कुठे न्यायचा नाही, कुणाची गाय फळवायची नाही, असं मी तुम्हाला बजावून गेले होते. तुम्ही मान डोलावली होती.

गोटीराम : मान डोलावली. नंदीबैलबी डोलावतो.

भाग्यश्री : कुठे आहे तो?

गोटीराम : पावन्यांकडं.

भाग्यश्री : कुठल्या पाहुण्यांकडे?

नवसाबाई : आमच्या लेकीच्या सासरी. धरनाच्या पल्याड. छाया आमची एकुलती. तिचा सासरा, सहादूनाना, स्वतः आला दारात. म्हनला, पहिल्या नंबरचा वळू सोयऱ्यांच्या घरी, आनि आमच्या डांगी गाई बाहेरच्या वळूला दाखवायच्या का? चार दिस द्या.

गोटीराम : व्याही दारात येऊन मागतो, त्याला नाय म्हनू? लेक नांदती तिथं! नाय म्हनलं आसतं तर जल्मभर टोमने तिनं खाल्ले आसते. तुमच्या केंद्राच्या नियमात व्याही कुठं बसतो ते तरी सांगा.

भाग्यश्री : कुठेच बसत नाही. तुम्ही मला फोन करून सांगायचं होतंत. मी त्यांच्याशी बोलले असते.

गोटीराम : मंग व्याही म्हनले आसते, गोटीराम बोका पाळनाऱ्या बाईला इचारून वळू देतो.

भाग्यश्री : चार दिवस म्हणाले होते. अजून परत का नाही आला?

गोटीराम : मान चाललाय त्याचा तिकडं. झूल काय, ढेप काय. शेजारपाजारची गावं बघायला येत्यात. व्याही म्हनले, राहू दे अजून. आनि पहिल्याच आठवड्यात हिकडं तुमचा मानूस नळी घेऊन उभा. काय सांगनार त्याला? पाऱ्याचा तुटलेला बिल्ला घरातच होता, तो दाव्याला बांधला आनि धाकट्याला उभा केला.

भाग्यश्री : तिथे गोठ्यात आणखी कोणती जनावरं आहेत?

नवसाबाई : नानांच्या डांगी. आनि छायाच्या दोन जर्सी. तिनं दुधाचा धंदा सुरू केलाय ना. घरात कोनाला नको होत्या, तिनं एकटीनं हट्टानं घेतल्या. एक इयाली आत्ताच.

गोटीराम : जर्सी! सावलीत बसून पंखा मागनाऱ्या गाई. मी तिला तवाच सांगितलं, डांगीवाल्याची लेक तू, तुला ही अवदसा कुठून आठवली? त्या गाई दारात आल्या तवापासून मी तिच्या घराची पायरी चढलो नाय.

भाग्यश्री : तुम्ही चढला नाहीत. पाऱ्याला चढवलंत. आबा, आत्ताच्या आत्ता फोन लावा. पाऱ्याला बाजूला बांधा म्हणावं, त्याची बादली वेगळी करा, एकही जनावर गोठ्याबाहेर काढू नका. मी उद्या सकाळी तिथे जाते. सगळ्यांचं रक्त घ्यावं लागेल. पाऱ्याचंसुद्धा.

गोटीराम : आनि काय सांगू? तुमच्याकडं धाडलेला मानाचा वळू खुरकुतीचा हाय म्हनून? त्यापरीस मी तोंड काळं करून गावातून हिंडतो.

भाग्यश्री : ते नंतर करा. आधी फोन.

गोटीराम : धाकट्याचं रक्त खराब निघालं, पाऱ्याचं कुठं निघालंय? तो बरा आसंल.

भाग्यश्री : मघाशी म्हणत होतात, तो काय आणि हा काय.

नवसाबाई : त्यांच्या नादी लागू नका बाई. आना इकडं फोन. मीच लावते. हा स्पीकर कुठं दाबायचा?

(फोन स्पीकरवर. बऱ्याच वेळाने छाया उचलते.)

छाया : आई, बोल.

नवसाबाई : काय करती गं?

छाया : काय नाय. बसले.

नवसाबाई : पाऱ्या कसा हाय?

छाया : त्याला काय धाड भरलीय? दोन्ही टाइम गूळ घालून आंबोन खातो. लोक येऊन पाया पडत्यात त्याच्या.

गोटीराम : बघा! सांगितलं नव्हतं?

नवसाबाई : तुमी गप्प बसा. छाया, तुझ्या गाई कशा हायेत?

छाया : बऱ्या हायेत.

नवसाबाई : छाया.

छाया : बऱ्या हायेत म्हनलं ना आई.

नवसाबाई : तुझा आवाज मला कळत नाय का? इथं डॉक्टरबाई हायेत. खरं सांग.

छाया : तोंडातून तार लागलीय गं. एकीचं तर आचळसुद्धा सोललंय, हात लावू देत नाय. खुरं सुजलीत, उभं राहवत नाय तिला. आनि वासरू गेलं सकाळी.

नवसाबाई : गेलं?

छाया : काय झालंच नव्हतं त्याला. पीत होतं. पिता पिता पडलं. मला वाटलं पाय घसरला.

भाग्यश्री : छायाताई, मी डॉक्टर भाग्यश्री. असं होतं या आजारात. लहान वासराच्या हृदयावरच घाव बसतो. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. तिथले डॉक्टर येऊन गेले का?

छाया : आले होते. बघताक्षनी म्हनले, खुरकूत हाय. औषध दिलंय, इंजेक्शन दिलंय.

गोटीराम : मला का नाय कळवलं गं? एवढं झालं आनि बापाला फोन नाय?

छाया : काय कळवू आबा? तुमी म्हनले आसते, जर्सी घ्यायला कोनी सांगितलं होतं.

नवसाबाई : सासरी काय म्हनत्यात?

छाया : तेच. बाहेरून जर्सी आनल्या, त्यांनीच आजार घरात आनला. नानांच्या दोन डांगींच्या तोंडातूनबी आता लाळ सुटलीय. सासूबाई मला त्यांच्या गाईंकडं फिरकू देत नाय. नाना म्हनले, बऱ्या झाल्या की दोन्ही जर्सी इकायच्या. ह्या दारात परत जर्सी उभी करायची नाय, आनि धंद्याचं नाव काढायचं नाय.

नवसाबाई : आनि किशोर? तुझा नवरा काय म्हनतो?

छाया : ते काय म्हननार? घरात सगळे एका बाजूला.

नवसाबाई : तू काय म्हनलीस?

छाया : काय म्हनू? पाऱ्या यायच्या आधी एकीलाबी काय नव्हतं, हे मला दिसतं ना. पन तसं बोलले आसते तर आबांचं नाव निघालं आसतं. पहिला नंबर आलेला, एवढा मान चाललेला. म्हनून गप्प बसले. आबा, तुमीबी इकडं काय बोलू नका.

नवसाबाई : ऐकताय ना?



भाग्यश्री : छायाताई, मी उद्या सकाळी येते. सगळ्या गोठ्याचं रक्त तपासायला लागेल.

छाया : म्याडम, एक इचारू? रक्तात कळंल का, कोनामुळं आला ते?

भाग्यश्री : नाही. कुणाकुणाला होऊन गेला तेवढं कळेल. आधी कुणाला झाला, कुणी आणला, ते रक्तावरून सांगता येत नाही.

छाया : मग या तुमी. काढा रक्त. मी नानांना सांगते.

गोटीराम : छाया.

छाया : काय आबा?

गोटीराम : व्याही कुठं हायेत?

छाया : गोठ्यात हायेत. पाऱ्याचं अंग पुसत्यात. का?

गोटीराम : फोन घेऊन जा तिकडं. त्यांच्या हातात दे.